कोमट डाग

१

गालिच्यात मुरलेल्या मुताचा वास काढणं हे माझं काम. ऐकणारा आधी नाक मुरडतो आणि मग जाता जाता हळूच नंबर लिहून घेतो. घरोघरी कुत्री आहेत, मांजरं आहेत, आणि सोफ्यामागे काय चाललंय ते घरच्यांना कधीच कळत नाही, कारण त्यांची नाकं सरावलेली असतात. कळतं ते पाहुण्यांना. पाहुणे बोलत नाहीत, चहा अर्धा टाकून उठतात.

मला बोलावेपर्यंत लोकांचे स्वतःच सगळे उपद्व्याप करून झालेले असतात. व्हिनेगर ओतलेलं असतं, सोडा चोळलेला असतो, अत्तर फवारलेलं असतं. एखादा शहाणा गरम वाफ मारून वास कायमचा शिजवून ठेवतो. डाग दिसतो वर, पण खरा माल असतो खाली. मूत गालिच्यातून फोममध्ये उतरतं, फोममधून लाकडात. वरचं वाळतं, खाली मीठ राहतं, आणि हवा जरा दमट झाली की ते मीठ ओल धरतं आणि वास पुन्हा हजर. म्हणून घासायचं नसतं. टिपायचं, औषध मुरवायचं आणि थांबायचं. औषध हळूहळू खातं सगळं.

माझी एकच अडचण होती. मला वास येत नाही. सहा वर्षांपूर्वी तापाने झोपले, ताप उतरला आणि नाक गेलं ते गेलंच. पुढची काही वर्षं अंदाजाने रेटलं. मग माझी धाकटी बहीण लग्न मोडून माझ्याकडे राहायला आली. तिला सगळे बारकी म्हणतात. दिवसभर खिडकीशी बसून राहायची. म्हटलं, चल, निदान नाक तरी कामाला येईल.

आणि आलं की हो. ती गुडघ्यांवर बसायची, मग हात टेकून पुढे सरकायची, नाक गालिच्यापासून बोटभर वर. ‘‘ताई, इथे,’’ म्हणायची. मी खडूने गोल काढायचे. ‘‘इथे जुना आहे. इथे मांजर आहे, कुत्रा नाही.’’ एकदाही चुकली नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही. कौतुक केलं की माणूस सैलावतं, असं माझं मत.

मी तिला वाईट वागवायचे असं नाही. फक्त ती मंद होती आणि मला मंदपणाचा राग येतो. वाकायला वेळ लावला की मी बुटाच्या टोकाने तिच्या तळपायाला हलकंसं ढोसायचे. ‘‘चला, श्वानपथक,’’ म्हणायचे. ती हसायची. म्हणजे हसायची असं मला आठवतं.

२

ते घर मला सोफावाल्याने दिलं. सोफे धुणारा, ओळखीतला माणूस. ‘‘मी करून बघितलं. तुझ्याकडे नाक आहे, तूच बघ,’’ म्हणाला आणि फोन ठेवला.

तिथल्या बाई ग्रंथालयात काम करायच्या. फोनवरचा आवाज इतका मऊ की मला कान रिसीव्हरला चिकटवावा लागला.

‘‘तुम्ही दोघी येता ना?’’

‘‘हो, बहीण असते बरोबर.’’

‘‘नक्की ना? एकट्या नका येऊ. मागे एक जण एकटाच आला. काही उपयोग झाला नाही.’’

मला वाटलं, जड सामान हलवायचं असेल.

घर तळमजल्यावर, एका शांत गल्लीच्या टोकाला. दारात चपलांची जोडी फूटपट्टी लावून ठेवल्यासारखी. ग्रंथपालबाई पंचावन्नच्या असतील, केस कानापर्यंत कापलेले, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बैठकीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत तपकिरी गालिचा होता आणि खिडकीशी लाकडी हातांची एक खुर्ची. बाई खोलीत आल्या त्या भिंतीला खांदा लावून, कडेकडेने. गालिच्याच्या मध्ये त्यांनी पाऊल टाकलं नाही.

‘‘डाग कुठे आहे?’’

त्यांनी खुर्चीपुढे बोट केलं.

‘‘कुत्रा की मांजर?’’

‘‘कुत्रा होता.’’

‘‘कधी गेला?’’

बाईंनी जरा हिशेब केला. ‘‘मी शाळेत होते तेव्हा.’’

मी हसले. हसू नये, पण आलं. ‘‘अहो मॅडम, मग त्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. त्याचा वास कुठून येणार?’’

‘‘येतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ओलं होतं.’’

बारकी तोवर गुडघ्यांवर बसली होती. ती पुढे सरकली आणि थांबली. मग तळवा टेकवला.

‘‘ताई, ताजं आहे हे. हात लाव.’’

मी लावला. थाळीएवढा गोल, ओला, आणि कोमट. कोणीतरी नुकतंच उठून गेल्यावर खुर्ची लागते तसा. खिडक्यांना जाळ्या होत्या. घरात बाईंशिवाय कोणी नव्हतं.

मी मनात ठरवून टाकलं. वय झालं की बायकांना असे त्रास होतात, आणि एकटी राहणारी बाई ते कुणाजवळ बोलणार? मेलेल्या कुत्र्यावर ढकलणं सोपं. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची लाज आपणच झाकायची असते. म्हणाले, ‘‘होतं असं कधीकधी. काढून देऊ.’’

बारकी मात्र अजून तिथेच होती, मान खाली घालून.

‘‘कुत्रा नाही हा,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘ते कळलं मला,’’ मी तितक्याच हळू म्हणाले. ‘‘गप्प बस.’’

३

टिपलं, औषध मारलं, वरून प्लास्टिक अंथरलं. गाडीत बसल्यावर बारकी मान चोळत होती. मी कॉलर बाजूला करून बघितलं. मानेवर तांबडे पट्टे उठले होते.

‘‘कशाने झालं?’’

‘‘माहीत नाही. वाकले तेव्हा जड वाटलं.’’

‘‘नवीन एप्रन आहे. पट्टा काचला असेल.’’

पट्टा तिने पाठीमागे कमरेला बांधला होता. ते मला दिसत होतं.

दोन दिवसांनी फोन आला. प्लास्टिक कोरडं आहे, बाई म्हणाल्या, पण खाली पुन्हा ओलं झालंय.

या वेळी मी कोपऱ्यातून गालिचा उचकटला आणि खुर्चीपर्यंत उलटा गुंडाळत नेला. अशा वेळी काय सापडतं ते मला झोपेतही सांगता येईल. पिवळा फोम, काळं पडलेलं लाकूड. इथे फोम पांढराशुभ्र होता. त्याखालची फळी कोरडी ठणठणीत आणि गार. मी हात फिरवून फिरवून बघितला. खालून गरम पाण्याचा नळ जात नव्हता. गालिच्याची उलटी बाजूसुद्धा कोरडी होती. आणि सुलट्या बाजूला तो गोल तसाच, ओला, कोमट.

पाणी वरून खाली जातं. त्याला दुसरा रस्ता नसतो. मी कारणं शोधत राहिले. गालिच्याला मागून रबराचा थर असेल. तो नव्हता. हवेतली ओल असेल. मग बाकीचा गालिचा कोरडा का? प्रत्येक कारण दोन-दोन मिनिटं टिकायचं. बारकीला विचारण्यात अर्थ नव्हता, ती भिंतीला पाठ लावून उभी होती. गंमत म्हणजे ग्रंथपालबाई उभ्या राहायच्या तशीच, भिंतीला धरून.

‘‘तू काय शोभेची बाहुली आहेस का? दिवा आण.’’

४

जांभळा दिवा म्हणजे आमचा एक्स-रे. खोलीत अंधार करायचा आणि दिवा फिरवायचा. साध्या डोळ्यांना न दिसणारे डाग पिवळट चमकतात. सकाळचे अकरा वाजले होते. मी गालिचा परत अंथरला, पडदे ओढले, पडद्यांच्या फटींना टेप लावली. बाई स्वयंपाकघरात होत्या.

खुर्चीपुढचा गोल चमकला. त्यात काही नवल नाही. मग त्याच्या कडेला मला दुसरं काहीतरी दिसलं, फिकट निळसर. थुंकी आणि डोळ्यांचं पाणी असं दिसतं, खूप फिकट. मी दिवा खाली नेला.

आधी कळलं नाही. लांबट गोल आकार, मध्ये एक ठिपका जरा गडद, खाली पसरट डाग. मग त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या हातांचे पंजे दिसले, बोटं फाकलेली. पंजे दिसल्यावर मधला आकार काय आहे ते न कळायला मी आंधळी नव्हते. तो चेहरा होता. कोणीतरी कुणाचं तरी तोंड गालिच्यात दाबून धरलं होतं. कपाळ, नाकाचा शेंडा, उघडं तोंड.

मी दिवा सरकवला. शेजारी आणखी एक होता. त्याच्यावर आणखी एक. खुर्चीपुढे हातभर जागेत चेहऱ्यांवर चेहरे बसले होते, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. पंजे वेगवेगळ्या मापांचे. मोठे होते, मधले होते. एक पंजा इतका लहान होता की माझ्या तळव्यात मावला असता. अंगठा नीट उमटला होता.

सगळ्यांत वरचा चेहरा ताजा होता. हनुवटीवर एक छोटी खाच. बारकीच्या हनुवटीवर तशी खाच आहे, लहानपणी पायरीवर पडली होती.

पण ती गालिच्याला कधी टेकलीच नव्हती. तिचं नाक नेहमी बोटभर वर असतं.

‘‘ताई, काय दिसलं?’’ तिने अंधारातून विचारलं.

‘‘काही नाही,’’ मी म्हणाले आणि दिवा बंद केला.

५

स्वयंपाकघरात बाईंनी चहा ठेवला होता. औषध पुन्हा मारून झालं होतं आणि बारकी गाडीत सामान लावायला गेली होती. मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवेना.

‘‘मॅडम, हा गालिचा किती जुना?’’

‘‘दोन वर्षांचा. बाबा गेल्यावर जुना टाकून दिला मी. तीन वर्षं झाली त्यांना.’’

‘‘घरात लहान मूल कोणी येतं का? भाचा, भाची?’’

‘‘माझ्याकडे कोणीच येत नाही हो.’’

दोन वर्षांचा गालिचा, आणि त्यावर तळव्यात मावेल एवढा पंजा. मी साखर ढवळत बसले. बाई माझ्याकडे बघत होत्या, जरा कीव आल्यासारख्या.

‘‘बाबा फार शिस्तीचे होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मारायचे नाहीत. कधी बोटसुद्धा उगारलं नाही. कुत्र्याने घरात घाण केली की त्याची मान धरून नाक त्यात टेकवायचे आणि समजेपर्यंत तसंच धरायचे. एवढंच. सगळे तसंच शिकवायचे त्या काळी.’’

‘‘कुत्र्यांना शिकवतात काही लोक तसं,’’ मी म्हणाले.

‘‘हो ना. कुत्रा तीन दिवसांत शिकला.’’ त्यांनी कपाची कड पुसली. ‘‘मला वेळ लागला.’’

मी कप उचलला आणि न पिता परत ठेवला.

‘‘आणि अजूनही होतं तसं?’’ मी शेवटी विचारलं.

‘‘अजून अधूनमधून.’’ हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की जणू गुडघेदुखीबद्दल बोलत होत्या. ‘‘मध्ये आठ महिने काहीच नव्हतं. छान गेले ते महिने. एक भरतकाम पूर्ण केलं मी.’’

मग खिडकीतून त्यांनी बाहेर बघितलं. बारकी गाडीचं मागचं दार लावत होती, दोनदा, कारण पहिल्यांदा नीट लागलं नव्हतं.

‘‘तुमची बहीण गुणी आहे,’’ ग्रंथपालबाई म्हणाल्या. ‘‘सांगितलं की वाकते.’’

६

घरी आल्यावर मी सोफावाल्याला फोन लावला. तो मजेत होता, कुणाच्या तरी पांढऱ्या सोफ्यावर मुलांनी शाई ओतल्याची गोष्ट सांगत सुटला. मी मध्येच तोडलं.

‘‘ग्रंथालयातल्या बाईंकडे तू काय केलं होतंस?’’

त्याचं हसणं थांबलं. ‘‘का? काही झालं का?’’

‘‘डाग परत येतो. तुझ्या वेळी गेला होता म्हणतात. आठ महिने.’’

‘‘आधी एकटा गेलो होतो. काही झालं नाही. मग बायकोला घेऊन गेलो.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि काय? काम झालं. बाई खूश झाल्या.’’

‘‘कसं झालं ते विचारतेय मी.’’

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो बारीक आवाजात म्हणाला, ‘‘तू मोठी आहेस ना? बहीण धाकटी आहे. मग होईल तुझं काम. मला जास्त विचारू नकोस.’’

‘‘वहिनी कशा आहेत?’’

तो दार नीट लागलंय का ते बघून आला असावा, कडी वाजली.

‘‘बरी आहे. घरातच असते. पूर्वी काय तोंड होतं तिचं, आठवतं ना तुला? एक शब्द खाली पडू द्यायची नाही.’’ त्याने श्वास सोडला, आणि त्या सुटलेल्या श्वासात दुःख किती आणि समाधान किती ते मला ठरवता येईना. ‘‘आता ऐकते माझं.’’

एवढं ऐकल्यावर कुठल्याही शहाण्या बाईने ते काम सोडलं असतं. मी स्वतःला सांगितलं की सोफावाल्याचं नवरा-बायकोचं भांडण आहे, त्याचा गालिच्याशी काय संबंध? मी सांगितलं की जांभळ्या दिव्यात माणसाला ढगातल्या हत्तींसारखे आकार दिसतात. मी हेही सांगितलं की वास न काढता मी आजवर एकही घर सोडलेलं नाही. तिन्ही गोष्टी मला पटल्या. पटवून घ्यायला मी फारसा वेळ घेतला नाही.

७

तिसऱ्या खेपेला बारकी गाडीतून उतरेना.

‘‘ताई, आज मी इथेच थांबते.’’

‘‘आणि नाक काय डब्यात घालून देतेस?’’

‘‘त्या घरात कोणीतरी आहे.’’

‘‘आहेच. गिऱ्हाईक आहे. उतर.’’

‘‘ताई, हात जोडते.’’

तिने खरंच जोडले. मला लाज वाटली, तिची, रस्त्यावर कोणी बघेल म्हणून. मी दार उघडून उभी राहिले. शेवटी ती उतरली, कारण ती नेहमीच उतरते.

खोलीत ऊन आलं होतं. पडदे उघडे, सगळं लख्ख. डाग कोरडा होता. मी हात लावला, गार. औषधाने काम केलं होतं, मला इतका आनंद झाला की मी ग्रंथपालबाईंना हाक मारली. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, एक हात दाराच्या मुठीवर.

‘‘झालं बघा. एकदा वास तपासला की आम्ही मोकळ्या.’’

‘‘नाहीये वास,’’ बारकी उंबऱ्यातूनच म्हणाली. ‘‘मला इथून कळतंय.’’

‘‘जवळून बघितलं तर बरं,’’ बाई म्हणाल्या.

‘‘बारके.’’

‘‘ताई, नको ना.’’

गिऱ्हाइकापुढे असं. मी तिचं मनगट धरून तिला खुर्चीपुढे आणलं. ती गुडघ्यांवर बसली. हात टेकले. मान मात्र ताठ ठेवली, हट्टी मुलासारखी, आणि माझं डोकं फिरलं. मी तिच्याशेजारी बसले आणि तिच्या मानेवर हात ठेवला. जोर लावला नव्हता. लहान मुलाला रस्ता ओलांडताना धरतो, तेवढाच.

नाक गालिच्याला टेकलं.

‘‘बघ, झालं का काही?’’ मी म्हणाले आणि हात काढायला गेले.

हात निघाला नाही.

माझ्या हातावर हात होता. दिसत नव्हता, पण हात कसा लागतो हे कुणाला शिकवावं लागत नाही. रुंद, कोरडा, कोमट तळवा. एका बोटात अंगठी असावी, माझ्या बोटाच्या पेरावर काहीतरी कडक टोचत होतं. तो दाबत नव्हता. नुसता ठेवला होता. त्याचं वजनच तेवढं होतं.

माझ्या उजवीकडे गालिच्याचे तंतू खाली बसले. आधी टाचेएवढे, मग पंज्याएवढे. मग दुसरा पाय. घाई नसलेल्या माणसासारखे. डोळ्याच्या कोपऱ्यात मला राखाडी कापड दिसलं, विजारीची इस्त्रीची घडी, सरळ आणि धारदार. मी मान वर केली असती तर बाकीचंही दिसलं असतं. मी केली नाही.

‘‘नऊ,’’ दारातून आवाज आला. ‘‘दहा. अकरा.’’

ग्रंथपालबाई मोजत होत्या. एकेक आकडा नीट सुटा करून, कपाटातली पुस्तकं मोजावीत तसा. चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त ओठ हलत होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

बारकी ओरडली नाही. तिची बोटं गालिच्यात रुतली. तिचा श्वास तंतूंमध्ये अडकून घरघरत होता, आणि मग तिच्या गुडघ्यांभोवती गालिचा गडद होत गेला, आधी थाळीएवढा, मग त्याहून मोठा. माझ्या गुडघ्यालाही लागलं. कोमट होतं.

‘‘सत्तावीस. अठ्ठावीस.’’

मी म्हणत होते, पुरे, पुरे. मोठ्याने म्हणत होते की मनात, ते आता सांगता येणार नाही.

पुढचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. चाळिसाच्या आसपास माझ्या हातावरचं वजन गेलं. अंगठी टोचायची थांबली. उजवीकडचे तंतू हळूहळू उभे राहिले आणि राखाडी घडी डोळ्याच्या कोपऱ्यात उरली नाही. खोलीत आम्ही तिघीच होतो. माझा हात मोकळा होता, हे मला स्वच्छ कळलं होतं. तळव्याखाली बारकीची मान होती, बारीक, गरम, आत नाडी उडत होती. इतक्या वर्षांत माझं असं सगळ्या अंगानं कोणी ऐकलं नव्हतं.

एक्केचाळिसापासून शंभरापर्यंत तो हात माझाच होता.

शंभर झाले तेव्हा बाई थांबल्या. त्या दारातून आल्या, सरळ गालिच्याच्या मधून चालत, आणि वडिलांच्या खुर्चीत बसल्या. पाय पसरले. स्वेटरचं वरचं बटण सोडलं.

‘‘गेले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता बराच काळ नाही यायचे.’’

बारकी उठली नाही. मी ‘‘ऊठ’’ म्हणाले तेव्हा उठली. तिच्या चेहऱ्यावर गालिच्याची नक्षी उमटली होती. शेवटचा डाग मीच टिपला, औषध मारलं, वर प्लास्टिक घातलं. तो कुणाचा होता हे या वेळी मला ठाऊक होतं.

गाडीत मी म्हणाले, ‘‘माझा तोल गेला गं. हात सटकला.’’

‘‘हो, ताई,’’ ती म्हणाली.

‘‘लागलं का?’’

‘‘नाही, ताई.’’

८

त्या दिवशी मी तिला काही काम सांगितलं नाही. पांघरूण दिलं, गरम दूध दिलं. ती सांगितलं तेव्हा प्यायली. ‘‘झोप’’ म्हटलं, डोळे मिटले. मी ठरवलं की आठवडाभर काम बंद. मग तिला कुठेतरी दुसरीकडे, शिवणाच्या दुकानात वगैरे लावून द्यायचं, जिथे खाली वाकावं लागत नाही. तिची माफी मागायची, तीही नीट, कारणं न देता. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

सकाळी जाग आली तेव्हा ती अंथरुणात नव्हती. पांघरूण घडी करून उशाशी ठेवलेलं. मी चहा केला, दोन कप, आणि तिला शोधत बाहेरच्या खोलीत आले.

आमच्या घरात गालिचा नाही, साधी फरशी आहे. बारकी माझ्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली होती. तिच्या पुढ्यात फरशी ओली होती. किती वेळ बसली होती कोण जाणे, पायांची बोटं गारठून पांढरी पडली होती. माझी चाहूल लागली तशी तिने हात टेकले, आणि मग एका हाताने केस गोळा करून मानेवरून पुढे घेतले. मान उघडी केली. वळून बघितलं नाही. थांबून राहिली.

मी दोन्ही कप खाली ठेवले. तिच्याजवळ गेले. ‘‘ऊठ, बाळा,’’ असं म्हणायला तोंड उघडलं.

‘‘एक,’’ म्हणाले.